ल्युपसचा रिपोर्ट हातात आल्यावर: कोणता आकडा आजार सांगतो आणि कोणता नाही

ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. त्याच्या पेशंटची फाइल उघडली की पहिल्या पानावर बहुतेक वेळा एएनएचा, म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट असतो. पुढे सहा महिन्यांनी केलेला पुन्हा एएनए. मग वर्षभराने आणखी एक. प्रत्येक रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' हा शब्द ठळक छापलेला, आणि प्रत्येक वेळी घरच्यांच्या पोटात गोळा. अजून पॉझिटिव्हच येतंय, म्हणजे औषधं लागू पडत नाहीत का?

याचं उत्तर आधीच देऊन टाकते. एएनए पुन्हा पुन्हा करून आजार वाढला की घटला हे कळत नाही. निदानाच्या वेळी तो एकदा पॉझिटिव्ह आला की त्याचं काम झालं. ल्युपस पूर्ण शांत असलेल्या माणसाचाही एएनए वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतो. त्या तपासणीवर जाणारे पैसे लघवीच्या तपासणीवर गेले तर पेशंटचं जास्त भलं होईल. असं मी का म्हणते, ते या लेखात पुढे येईलच.

आधी मुळाशी जाऊ. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि त्यांचे अवशेष लगोलग उचलले जातात. ल्युपसमध्ये ही उचल नीट होत नाही. पेशीच्या केंद्रकातला डीएनए आणि त्याला चिकटलेली प्रथिनं, जी एरवी कधी बाहेर दिसत नाहीत, ती उघड्यावर पडून राहतात. प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी तयार करायला लागते. एरवी जंतूंवर चालणारी ही प्रतिपिंडं इथे स्वतःच्याच घटकांवर उलटलेली असतात, म्हणून त्यांना ऑटोअँटिबॉडी म्हणतात. ल्युपसमध्ये अशी एक-दोन नाही, पुष्कळ प्रकारची प्रतिपिंडं सापडतात. त्यातली काही निरुपद्रवी, काही उपद्रवी.

उपद्रव कसा होतो, ते किडनीत सर्वांत स्पष्ट दिसतं. डीएनए आणि त्याच्याविरुद्धचं प्रतिपिंड एकमेकांना चिकटून त्यांचे गुंते होतात आणि ते किडनीच्या बारीक गाळण्यांमध्ये अडकतात. काही प्रतिपिंडं थेट त्या गाळण्यांवरच जाऊन बसतात. मग तिथे कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं धावून येतात, दाह सुरू होतो, आणि गाळणीला भोकं पडल्यासारखं होऊन रक्तातलं प्रथिन लघवीत उतरतं. हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. १९६७ साली कॉफलर, शुर आणि कुंकेल या अमेरिकी संशोधकांनी ल्युपसने गेलेल्या रुग्णांच्या किडन्यांमधून प्रतिपिंडं वेगळी काढून तपासली. त्यात डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं साठून राहिलेली सापडली. रक्तात तरंगणारा एक आकडा आणि एका अवयवाचं नुकसान यांची गाठ तिथे पडली.

त्याच्या जवळपास वीस वर्षं आधी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी दिसली होती: दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेली. तिला एलई सेल म्हणत आणि कित्येक वर्षं निदान तिच्यावरच चाले. १९५७ च्या सुमारास दोन गोष्टी जवळजवळ एकदमच झाल्या. एएनए चकाकत्या रंगाने पाहण्याची पद्धत आली, आणि जगात तीन-चार ठिकाणी वेगवेगळ्या गटांनी डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं शोधली. १९६६ मध्ये इंग टॅन आणि हेन्री कुंकेल यांनी अँटी-एसएम हे प्रतिपिंड वर्णन केलं. रिपोर्टमधली 'एसएम', 'रो', 'ला' ही नावं पाहून लोक गोंधळतात. ज्या रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडं पहिल्यांदा सापडली त्यांच्या नावांची ती आद्याक्षरं आहेत, त्यात दुसरा काही अर्थ दडलेला नाही.

आता मुख्य मुद्दा. ही सगळी प्रतिपिंडं एकाच कामाची नाहीत. दारावरची पाटी वाचून घर कुणाचं ते कळतं. आत आत्ता कुणी जागं आहे का, ते खिडकीतल्या दिव्यावरून. एएनए, अँटी-एसएम, अँटी-रो या पाट्या आहेत. डीएनएविरुद्धचं प्रतिपिंड, रिपोर्टमध्ये ज्याला अँटी-डीएस-डीएनए (डीएस म्हणजे दुहेरी धाग्याचा) किंवा नुसतं डीएस-डीएनए म्हणतात, ते पाटीही आहे आणि बऱ्याच जणांमध्ये दिवाही.

पाट्यांतही फरक आहे. एएनए ही अगदी ढोबळ पाटी. २०१९ च्या युरोपीय आणि अमेरिकी निकषांनुसार ल्युपस म्हणायला एएनए किमान १:८० असावा लागतो, पण तो नुसता प्रवेशाचा दरवाजा. पुढे लक्षणं आणि इतर तपासण्या मिळून १० गुण भरावे लागतात. १:८० म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग, सीरम, ऐंशी पट पातळ केला तरी तपासणीतल्या पेशी चकाकतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या अभ्यासात धडधाकट माणसांपैकी १३ टक्क्यांचा एएनए १:८० ला पॉझिटिव्ह होता आणि ५ टक्क्यांचा १:१६० लाही. म्हणजे शंभर निरोगी माणसांच्या रांगेत तेरा जण. आपल्याकडे केस गळतात, अंग दुखतं म्हणून एखाद्या मुलीचा एएनए केला जातो, तो थोडासा पॉझिटिव्ह येतो आणि लग्नाच्या वयाची मुलगी म्हणून घर हादरतं. सांधे सुजलेले नाहीत, चेहऱ्यावर चट्टे नाहीत, तोंडात फोड नाहीत, लघवी आणि रक्तपेशी ठीक आहेत, तर त्या एकट्या आकड्याला ल्युपस म्हणता येत नाही. हे घरच्यांना शांतपणे समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं त्या मुलीला मिळायलाच हवीत.

अँटी-एसएम याच्या अगदी उलट. थोड्याच रुग्णांमध्ये सापडतं, पण सापडलं तर ल्युपसची जवळजवळ खात्री. तरीही आजार शांत झाला म्हणून ते सहसा खाली येत नाही. अँटी-रोचंही तसंच.

काही आकडे हलतात आणि काही हलत नाहीत, असं का? प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी दोन प्रकारच्या असतात. काही अल्पायुषी, सतत नव्या बी पेशींमधून (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तयार होणाऱ्या. काही अस्थिमज्जेत ठाण मांडून वर्षानुवर्षं जगणाऱ्या. लहानपणी झालेल्या गोवराची प्रतिपिंडं म्हातारपणीही रक्तात असतात ती या दुसऱ्या प्रकारामुळे. एसएम, रो यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं बहुतांशी दीर्घायुषी पेशींकडून येतात असं मानलं जातं, आणि डीएस-डीएनएचा मोठा वाटा अल्पायुषी पेशींचा. बी पेशी खवळल्या की तो वाढतो, औषधांनी शांत झाल्या की उतरतो. जर्मनीतल्या एरलांगेन इथल्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये पाच रुग्णांवरच्या कार-टी उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्णाच्याच टी पेशी (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) बदलून बी पेशींवर सोडायच्या, असा तो उपचार. पाचही जणांचा आजार शांत झाला, डीएस-डीएनए प्रतिपिंडं गेली, पण जुन्या लसींमुळे मिळालेली प्रतिपिंडं बरीचशी टिकून राहिली. हलणारा आकडा कुठून येतो, याचा इतका थेट पुरावा मला तरी दुसरा माहीत नाही.

डीएस-डीएनएचा आकडा वाचताना आपल्याकडे एक चूक हमखास होते. मार्चमध्ये एका लॅबमध्ये ८० आला, जुलैमध्ये दुसऱ्या लॅबमध्ये २१०. घरात रडारड. पण पहिल्या लॅबची सामान्य मर्यादा २० होती आणि दुसरीची १००. पद्धतही वेगळी असू शकते. हे दोन आकडे शेजारी ठेवून काहीही ठरत नाही. सर्वांत जास्त चालते ती एलायझा पद्धत. ती स्वस्त, झटपट आणि संवेदनशील आहे, पण डीएनएला सैलपणे चिकटणारी, फारशी त्रासदायक नसलेली प्रतिपिंडंही त्यात मोजली जातात. कमी पॉझिटिव्ह आकडा फसवा ठरतो तो बऱ्याचदा यामुळे.

दुसरी पद्धत मला फार देखणी वाटते. क्रिथिडिया ल्युसिली नावाचा एक सूक्ष्म जीव आहे, माश्यांच्या पोटात राहणारा, माणसाला निरुपद्रवी. त्याला एक लांब शेपटी असते आणि तिच्या मुळाशी कायनेटोप्लास्ट नावाचा ठिपका. त्या ठिपक्यात निव्वळ दुहेरी धाग्याचा डीएनए ठासून भरलेला असतो. केंद्रकात डीएनएबरोबर इतर प्रथिनांची जी गर्दी असते ती तिथे जवळजवळ नाही. काचेवर हे जीव पसरायचे, वर पेशंटचं सीरम घालायचं, मग चकाकणारा रंग. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की काळोखात शेकडो क्रिथिडिया, आणि पेशंटच्या रक्तात डीएनएविरुद्ध खरंच काही असेल तर प्रत्येकाच्या शेपटीपाशी हिरवा टिपका पेटलेला. नुसतं केंद्रक चमकलं आणि हा टिपका अंधारातच राहिला, तर ती तपासणी पॉझिटिव्ह धरत नाहीत. ही पद्धत काही रुग्णांना निसटू देते, पण जे पकडते ते सहसा खरं असतं. आजाराच्या चढउताराचा माग काढायला मात्र आकडा देणारी तपासणीच सोयीची. म्हणून नियम एवढाच: तीच लॅब, तीच पद्धत, आणि एकट्या आकड्यापेक्षा आधीच्या तीन-चार आकड्यांची रांग.

या रांगेच्या शेजारी सी३ आणि सी४ हवेतच. ही कॉम्प्लिमेंटची प्रथिनं. प्रतिपिंडांच्या गुंत्यांवर ती खर्च होतात, म्हणून आजार पेटला की त्यांची पातळी घसरते. डीएस-डीएनए चढतोय आणि सी३ उतरतोय, अशी जोडी दिसली की तज्ज्ञ सावध होतात, विशेषतः किडनीबाबत. काहींमध्ये सी४ जन्मतःच कमी असतो, तेव्हा तो कायम कमी दिसेल. त्याला आजार समजायचं नाही. गरोदरपणात कॉम्प्लिमेंट एरवीच वाढतं, त्यामुळे 'नॉर्मल' दिसणारा आकडाही त्या काळात कमी असू शकतो.

आता थोडा अवघड भाग. आकडा चढला म्हणजे आजार येणारच का?

काहींमध्ये हो. किडनीच्या उसळीच्या, म्हणजे तिथला आजार पुन्हा पेटण्याच्या, काही आठवडे किंवा महिने आधी डीएस-डीएनए चढत जातो, हे पुष्कळदा दिसलं आहे. मात्र २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने दाखवलं की आजार उसळतो नेमक्या त्याच वेळी आकडा कधी कधी खाली येतो. प्रतिपिंडं रक्तातून निघून अवयवांत जाऊन बसतात, हे त्याचं एक संभाव्य कारण. त्यामुळे पाय सुजलेत, लघवीला फेस येतोय आणि डीएस-डीएनए मात्र मागच्यापेक्षा कमी आलाय, तर हायसं वाटून घ्यायचं नाही.

काहींमध्ये उलट घडतं. आकडा वर्षानुवर्षं चढलेला, सी३ कमी, आणि माणूस ठणठणीत. टोरोंटोच्या ल्युपस क्लिनिकमध्ये अशा रुग्णांचा बराच अभ्यास झाला आहे. रक्तात आजार दिसतो, शरीरात दिसत नाही. यांतल्या काहींना पुढे कधीतरी उसळी येते, पण कित्येकांना बराच काळ काही होत नाही. मग नुसता आकडा पाहून स्टिरॉइड वाढवायचं का? १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी तेच करून पाहिलं. डीएस-डीएनए वाढताच, लक्षणांची वाट न पाहता, निम्म्या रुग्णांना स्टिरॉइडचा जादा डोस दिला. उसळ्या स्पष्टपणे कमी झाल्या. तरीही ही पद्धत सरसकट रुळली नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच झालं. ज्यांना उसळी येणारच नव्हती त्यांनाही या वाटेने स्टिरॉइड खावं लागतं, आणि विशी-तिशीतल्या मुलीसाठी त्याची किंमत असते: हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, डोळ्यात मोतीबिंदू, चेहरा सुजतो. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात आणि आजार बहुतेकींना ऐन तारुण्यात गाठतो. पन्नास वर्षं जगायचं आहे त्या शरीराने. आज बहुतेक तज्ज्ञ अशा वेळी औषध वाढवण्याऐवजी भेटी जवळ आणतात. तीन महिन्यांऐवजी महिन्याने बोलावतात आणि लघवी तपासतात.

मोजमापांतही हा विचार उतरला आहे. आजाराची तीव्रता मोजायला स्लेडाय नावाची गुणपद्धत वापरतात. तिच्यात वाढलेल्या डीएस-डीएनएला २ गुण, कमी कॉम्प्लिमेंटला २; लघवीतल्या प्रथिनाला ४ आणि ल्युपसमुळे आलेल्या फिटच्या झटक्याला ८. आणि २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने 'आजार शांत झाला' याची जी व्याख्या ठरवली, तिच्यात रक्तातल्या प्रतिपिंडांची अट ठेवलेलीच नाही. लक्षणं नाहीत, अवयव ठीक आहेत, स्टिरॉइड दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी आहे, तर डीएस-डीएनए पॉझिटिव्ह असला तरी आजार शांतच म्हणायचा. रिपोर्ट निगेटिव्ह यावा म्हणून देवाला नवस बोलणाऱ्या आईवडिलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता लघवी. ल्युपसमध्ये मोठ्या माणसांपैकी साधारण दहातल्या चौघांच्या किडनीला कधी ना कधी त्रास होतो, आणि सुरुवातीला किडनी दुखत नाही. पाठदुखी नाही, जळजळ नाही. प्रथिन जायला लागतं आणि कळतच नाही. किडनीच्या त्रासाचा एक प्रकार तर असा आहे, ज्याला मेंब्रेनस म्हणतात, की त्यात डीएस-डीएनए निगेटिव्ह आणि सी३ व्यवस्थित असूनही प्रथिन वाहत असतं. तेव्हा रक्ताचे महागडे रिपोर्ट चांगले आले म्हणून साधी लघवी तपासायची राहून गेली, तर तो सौदा फार महागात पडतो. लघवीतल्या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी (लघवीतून बाहेर पडणारं एक टाकाऊ द्रव्य) प्रमाण ०.५ च्या वर टिकून राहिलं की डॉक्टर बायोप्सीचा, म्हणजे किडनीचा छोटा तुकडा काढून तपासण्याचा, विषय काढतात. तेव्हा घाबरून टाळू नये. कोणतं औषध किती जोरात द्यायचं हे त्या छोट्याशा तुकड्यावरून ठरतं.

अँटी-रोबद्दल थोडं. आजाराच्या चढउताराशी त्याचा संबंध नाही, पण मूल होऊ देण्याआधी ते माहीत असलंच पाहिजे. ही प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि अशा शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत बाळाच्या हृदयाची गती बिघडवतात, बहुधा सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात. त्या काळात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात. रक्तात गुठळ्या आणि वारंवार गर्भपात यांच्याशी जोडलेली फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडंही आधीच तपासून घ्यावीत. ती एकदा पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय शिक्का मारत नाहीत.

पावसाळ्यात आपल्याकडे आणखी एक पेच पडतो. ताप आला, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटल्या: ल्युपसची उसळी की डेंगी? दोन्हींत हे होतं. डेंगीची तपासणी, डीएस-डीएनए, सी३ आणि सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) एकत्र पाहिल्याशिवाय उलगडा होत नाही. ल्युपसच्या उसळीत ईएसआर (दाहाचीच दुसरी तपासणी) चढतो पण सीआरपी बऱ्याचदा फारसा वाढत नाही. सीआरपी खूप वाढला असेल तर आधी जंतुसंसर्ग शोधतात. असा ताप घरी अंगावर काढू नये आणि मनानेच स्टिरॉइडही वाढवू नये.

सर्वांत जास्त काळजी मला चांगल्या रिपोर्टची वाटते. डीएस-डीएनए निगेटिव्ह आला, आता गोळ्या कशाला, असं म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसची नेहमीची गोळी बंद करणारे पुष्कळ असतात. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये याची रीतसर परीक्षा घेतली. आजार स्थिर असलेल्या ४७ रुग्णांपैकी काहींची गोळी चालू ठेवली, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी दिली. सहा महिन्यांत रिकाम्या गोळीवरच्या २२ पैकी १६ जणांचा आजार उसळला. खऱ्या गोळीवरच्या २५ पैकी ९ जणांचा. मार्च २०२० मध्ये कोविडवर उपयोगी पडेल या आशेने ही गोळी दुकानांतून गायब झाली, तेव्हा ल्युपसचे रुग्ण एकेका पट्टीसाठी वणवण करत होते, ते उगाच नव्हे. आकडा खाली आला आहे तो त्या गोळीमुळेही आला असेल. डोस कमी करायचा की नाही, वर्षाला डोळे कधी तपासायचे, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

फाइलमध्ये एक कागद वेगळा ठेवा. डावीकडे तारीख, मग डीएस-डीएनए आणि त्याच्या शेजारी त्या लॅबची मर्यादा, सी३, सी४, लघवीतलं प्रथिन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, आणि त्या महिन्यात अंगाला काय जाणवलं ते एका ओळीत. डॉक्टरांसमोर पन्नास पानं उलटण्यापेक्षा हा एक कागद जास्त उपयोगी पडतो. आणि पायावर किंवा डोळ्यांखाली सूज, फेसाळ लघवी, श्वास घेताना छातीत दुखणं, न उतरणारा ताप, फिटचा झटका किंवा अचानक गोंधळल्यासारखं होणं, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.